जुन्या मोटरबोटीवरचा शॉवर : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत जुन्या बोटीवर आंघोळीची सोय कशी करावी, हा विषय इतक्या वेळा आला की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून सगळी जागा त्यालाच दिली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमची २८ फुटी फायबरची डिझेल बोट नव्वदच्या दशकातली आहे आणि मांडव्याला मुरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या नांगरावर) असते. टॉयलेटच्या खोलीत कमोड आणि छोटं बेसिन आहे, शॉवर नाही. गोड्या पाण्याची टाकी ९० लिटरची. बेसिनच्या नळालाच टेलिफोन शॉवर जोडावा असा विचार आहे. खाली फरशीला एक भोक आहे, त्यातून पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत) जाईल आणि बिल्ज पंप ते बाहेर टाकेल. एवढं पुरेल ना? (अलिबाग)

उत्तर : नाही पुरणार. शॉवर जोडणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. पाणी बोटीबाहेर घालवणं हे खरं काम, आणि तुमच्या बेतात नेमकं तेच बिल्जवर सोपवलेलं आहे.

आंघोळीचं पाणी बिल्जमध्ये सोडण्याची पद्धत जुन्या बोटींत सर्रास दिसते. केस आणि साबणाचा साका बोटीच्या तळातल्या आडव्या पट्ट्यांच्या पाणवाटांमध्ये अडकतो. पाणी पंपापर्यंत पोचतच नाही, जागोजागी साचतं आणि आठवड्याभरात वास मारायला लागतं. दुसरा धोका मोठा आहे. बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच) साबणाच्या चिकट थरानं वर किंवा खाली अडकून बसतो. वर अडकला तर पंप चालूच राहून बॅटरी संपते. खाली अडकला तर ज्या दिवशी खरंच बोटीत पाणी शिरेल त्या दिवशी पंप सुरू होणार नाही. मुरिंगवर एकटी उभी असलेली बोट त्या पंपाच्या भरवशावर असते. त्याच्या वाटेत आंघोळीचं पाणी येता कामा नये.

म्हणून शॉवरला स्वतंत्र संप, म्हणजे पाणी गोळा करून बाहेर टाकणारा डबा लागतो. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत जाळी, छोटा पंप आणि फ्लोट स्विच, असा तयार संच मिळतो. तो साधारण ३० सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि १२ ते १५ उंच असतो. तो फरशीखाली, शॉवरच्या भोकापेक्षा खालच्या पातळीवर बसवा. भोकापासून संपापर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप सलग उतारानं न्या, मध्ये कुठेही पोट येऊ देऊ नका. संपापासून बाहेर जाणारा १९ मिलिमीटरचा पाइप आधी डेकच्या खालच्या बाजूपर्यंत वर चढवा आणि मग बाहेरच्या तोंडाकडे उतरवा. बाहेरचं तोंड पाण्याच्या रेषेपासून निदान २५ सेंटीमीटर वर असावं, तेही टाक्या भरलेल्या आणि माणसं बसलेली असताना मोजून. नवं भोक पाडायचा कंटाळा म्हणून बिल्ज पंपाच्याच पाइपला टी मारून जोडू नका. एक पंप चालला की दुसऱ्याच्या वाटेनं पाणी परत आत येतं.

जागा असेल तर संपाचा डबा टाळून डायफ्रॅम (रबरी पडद्याचा) पंप थेट भोकाला जोडणं आम्हाला अधिक पसंत आहे. व्हेल कंपनीचा गल्पर हा त्या जातीतला पंप. तो स्वतः पाणी ओढतो, कोरडा चालला तरी लगेच बिघडत नाही आणि केस गिळतो. फ्लोट स्विच लागत नाही. भिंतीवर एक बटण, आंघोळ करताना चालू आणि झाली की बंद. बिघडणाऱ्या वस्तूंमधली एक कमी झाली.

आता फरशी. भोक कुठे आहे यापेक्षा बोट उभी असताना पाणी कुठे जातं हे महत्त्वाचं. नांगरावर असताना, डिझेल आणि पाणी भरलेलं असताना, फरशीवर पेलाभर पाणी ओता आणि बघा. ते ज्या कोपऱ्यात जमतं तिथे भोक हवं. जुन्या बोटींवर पुढे कधीतरी जड इंजिन किंवा जादा बॅटऱ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे मूळ उतार आणि आजचा उतार जुळतीलच असं नाही. मीटरला २ सेंटीमीटर उतार पुरतो. दाराशी ५ ते ७ सेंटीमीटरचा उंबरठा करा, नाहीतर लाट आली की पाणी केबिनमध्ये जाईल.

काम सुरू करण्याआधी खोलीच्या प्लायच्या भिंती तपासा. भिंत जिथे फरशीला टेकते तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर प्लाय कुजलेला आहे, आणि त्यावर शॉवर बसवणं म्हणजे कूज झाकून ठेवणं. तेवढा भाग कापून मरीन प्लाय घाला. कापलेल्या सगळ्या कडांना आणि पाइपच्या भोकांच्या आतल्या बाजूला एपॉक्सीचे तीन हात द्या. भिंतीवर सनमाईका लावू नका. तिची कड सुटली की पाणी मागे शिरतं आणि वरून काहीच दिसत नाही. काचेचं कापड, एपॉक्सी आणि त्यावर रंग, हे दिसायला साधं पण टिकाऊ. कमोडचे बोल्ट काढून खाली नवं सीलंट भरायला विसरू नका. फरशीच्या गाभ्यात पाणी शिरण्याची ती ठरलेली जागा आहे.

पाण्याचा हिशेब असा. घरचा शॉवर मिनिटाला ९-१० लिटर पाणी टाकतो. बोटीसाठी मिनिटाला ४-५ लिटर देणारी शॉवरची जाळी घ्या आणि तिच्या मुठीवर बंद-चालूचं बटण असू द्या. अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, मग पुन्हा पाणी : अशी आंघोळ ८ ते १० लिटरमध्ये होते. चार माणसं, दोन दिवस, म्हणजे ८० लिटर. तुमची टाकी जवळजवळ तिथेच संपली, स्वयंपाकाला आणि भांड्यांना जेमतेम दहा लिटर उरलं. १०० लिटरची लवचीक पिशवी-टाकी मिळते, पण भरल्यावर तिचं वजन १०० किलो होतं. ती शक्यतो बोटीच्या मध्यावर, बर्थच्या खाली, पट्ट्यांनी आवळून ठेवा. नाळेच्या म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला ठेवली तर बोट लाटेत नाक खुपसते. पिण्याचं पाणी मात्र वेगळ्या कॅनमध्ये असू द्या.

घरच्या प्लंबरला बोलावलंत तर तो सीपीव्हीसीचे पाइप आणि सोल्युशन घेऊन येईल. घरात ते उत्तम. बोटीत इंजिनाच्या थरथरीनं चिकटवलेले सांधे तडकतात, आणि तेही हात न पोचणाऱ्या जागी. जाळीदार, पिण्याच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी पाइप आणि ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा वापरा, किंवा १५ मिलिमीटरचा पेक्स (लवचीक प्लॅस्टिकचा) पाइप आणि पुश-फिट सांधे.

प्रश्न : शॉवर चालू केला की पंप सेकंदाला दोनदा बंद-चालू होतो आणि पाणी हिसके देत येतं. पंप नवा आहे. तो सदोष समजायचा का? (पणजी)

उत्तर : बहुधा पंप ठीक आहे. तुमच्या पंपासारखे पंप मिनिटाला ११ लिटरच्या आसपास पाणी देतात, शॉवरची जाळी घेते ४. उरलेल्या पाण्याला जागा नसल्यानं पाइपमधला दाब झपाट्यानं चढतो. ४० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) प्रेशर स्विच पंप बंद करतो, दाब २५ वर उतरला की चालू करतो, आणि आखूड पाइपमध्ये हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदात होतो. नेमके आकडे पंपावर छापलेले असतात. असंच चालू ठेवलं तर आधी स्विचचे संपर्कबिंदू जळतात.

उपाय म्हणजे पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला, १ ते २ लिटरची ॲक्युम्युलेटर टाकी. तिच्यात रबरी पिशवी आणि हवा असते. पंप हवा दाबतो आणि ती हवा पाणी सलग ढकलते. हवा भरण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पंपाचा ब्रेकर बंद करा, नळ उघडून सगळा दाब सोडा, मग सायकलच्या पंपानं हवा भरा. ती पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा २-३ पीएसआय कमी असावी, म्हणजे २५ ला चालू होणाऱ्या पंपासाठी २२-२३. पाइपमध्ये दाब असताना मोजलं तर आकडा खोटा येतो, आणि टाकी बसवूनही फरक पडला नाही अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी. नव्या टाकीतला प्लॅस्टिकचा भुसा तिथे येऊन बसतो. दोन, पंप चालू असताना त्याच्या टोकांवरचा व्होल्टेज. समजा पंप ७ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून तारेची जाऊन-येऊन लांबी १२ मीटर आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत जवळजवळ ०.६ व्होल्ट वाटेतच जातो, ४ चौरसच्या तारेत ०.३६. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत कल्हई केलेली तांब्याची तार घ्या. साधी तार आतून काळी पडते आणि दोन पावसाळ्यांनंतर पंप मंदावतो. फ्यूज पंपाजवळ नको, बॅटरीजवळ हवा.

नळ बंद असताना रात्री मध्येच पंप घुर्र करून थांबत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपाच्या आतली झडप परत पाणी सोडते आहे. बोट सोडून जाताना पंपाचा ब्रेकर बंद करायची सवय लावा. एक सांधा सुटला तर पंप अख्खी टाकी निमूटपणे बिल्जमध्ये ओतून मोकळा होतो.

प्रश्न : गरम पाण्यासाठी घरचा गॅस गीझर बोटीत बसवता येईल का? नाहीतर इन्व्हर्टरवर २५ लिटरचा विजेचा गीझर? (वास्को आणि मुरुड, दोन पत्रं)

उत्तर : गॅस गीझर नको. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे माणसं गुदमरल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो, आणि बोटीची टॉयलेट खोली त्या बाथरूमच्या चौथ्या हिश्श्याची असते. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खिडकीतून जात नाही, बिल्जमध्ये उतरून साठतो आणि स्टार्टरच्या ठिणगीची वाट बघतो.

विजेच्या गीझरचं गणित सरळ आहे. २००० वॉट भागिले १२ व्होल्ट, वर इन्व्हर्टरची तूट धरली तर १९० अँपिअरच्या पुढे. तुमच्या बॅटऱ्या, तारा आणि अल्टरनेटर यांपैकी काहीच त्यासाठी बनलेलं नाही.

बोटीवर योग्य यंत्र म्हणजे इंजिनाच्या कूलंटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर) चालणारी गरम पाण्याची टाकी. तिच्यात एक नळीचं वेटोळं असतं, त्यातून इंजिनाचं कूलंट फिरतं; बहुतेक टाक्यांत किनाऱ्यावरच्या विजेसाठी १२०० वॉटच्या आसपासचं एलिमेंटही असतं. बंद चक्रात फिरणाऱ्या कूलंटनं इंजिन थंड होत असेल तरच हे जमतं. थेट समुद्राचं पाणी फिरवणाऱ्या इंजिनाला हे जोडू नका. टाकी इंजिनाच्या कूलंट भरायच्या टाकीपेक्षा खाली बसवा, नाहीतर वेटोळ्यात हवा अडकते आणि पाणी कोमटच राहतं. कधी इंजिनही तापतं.

किती पुरेल? टाकी २० लिटरची, पाणी ६० अंशांचं आणि गार पाणी २७ अंशांचं असेल, तर ४० अंशांचं साधारण ५० लिटर मिश्रण होतं. कागदावर. प्रत्यक्षात ४० धरा. तेवढ्यात चार जणांची काटकसरीची आंघोळ होते. मात्र इंजिनावर पाणी ८० अंशांपर्यंत तापू शकतं, आणि ते अंगावर आलं तर कातडी सोलते. म्हणून टाकीच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गार पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) सक्तीचा समजा आणि तो ४० अंशांच्या आसपास लावा. टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप बिल्जमध्ये न सोडता दिसेल अशा जागी न्या. टाकी पाण्यानं भरून गरम नळातून सलग धार आल्याशिवाय एलिमेंटचं बटण दाबू नका. कोरडं एलिमेंट मिनिटभरात जातं.

एवढं सांगून झाल्यावर आमचं मत : कोकण-गोव्यात टाकीतलं पाणी वर्षातले बरेच महिने आपोआप २७-३० अंशांवर असतं. डिसेंबर-जानेवारीतल्या चार पहाटांसाठी सात-आठ सांधे, दोन व्हॉल्व्ह आणि वीस किलोहून जास्त वजन वाढवायचं का, याचा विचार करा. २० लिटरची काळी उन्हात तापणारी पिशवी दोन-तीन तासांत पुरेसं पाणी देते. दुपारी ते चटका बसेल इतकं तापू शकतं, तेव्हा आधी हातावर घेऊन बघा. पुण्या-मुंबईहून फक्त शनिवार-रविवार येणाऱ्यांना आम्ही पिशवीच सुचवू.

प्रश्न : पोहून वर आल्यावर अंग धुवायला बोटीच्या मागच्या फळीत शॉवर बसवायचा आहे. बोट पेट्रोल इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत), बरीच जुनी. (शिवोली, गोवा)

उत्तर : झाकणाचा छोटा खोका, आत ओढून काढायचा शॉवर आणि दोन मीटर पाइप, असा संच मिळतो. पोहणाऱ्यांसाठी हीच सर्वांत उपयोगी सोय, कारण पाणी थेट समुद्रात जातं; संपाची भानगडच नाही.

भोक पाडण्याआधी आत वाकून बघा, मागे काय आहे ते. जुन्या बोटींच्या मागच्या फळीत दोन फायबरच्या थरांमध्ये बहुधा प्लाय असतो. भोकाच्या कडेनं तो प्लाय ५ ते ६ मिलिमीटर कोरून काढा, ती खाच घट्ट केलेल्या एपॉक्सीनं भरा, वाळल्यावर घासा आणि मगच खोका बसवा. नुसत्या सीलंटवर विसंबलात तर काही वर्षांत फळी मऊ पडेल, आणि ती बदलण्याचा खर्च शॉवरच्या कित्येक पट आहे. खोका प्लॅस्टिकचा असेल तर सीलंटच्या नळीवर ते प्लॅस्टिकला चालतं असं लिहिलंय का ते वाचा. काही पॉलियुरेथेन सीलंटनी प्लॅस्टिकला बारीक तडे जातात.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट विशेष. पेट्रोल इंजिनाच्या खणात जे काही विजेचं बसेल, पंप, स्विच, फ्लोट, ते ठिणगी बाहेर न पडू देणारं, इग्निशन-प्रोटेक्टेड असंच हवं. साधा पंप स्वस्त मिळतो म्हणून तिथे बसवू नका. जमलं तर पंप त्या खणाच्या बाहेरच ठेवा.

शॉवर समुद्राच्या पाण्यात लोंबकळत ठेवू नका. पंप बंद होऊन दाब गेला की खारं पाणी पाइपमध्ये शिरू शकतं. गोड्या पाण्याची टंचाई असेल तर डेक धुण्याच्या पंपानं समुद्राच्या पाण्यानंच साबण काढायचा आणि शेवटी दोन लिटर गोडं पाणी घ्यायचं. अंगाचा साबण खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही, शाम्पू बरा.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये जुन्या नॅरोबोटीवर (कालव्यातल्या लांब, अरुंद बोटीवर) राहतो. शॉवरचा पंप आवाज करतो पण तळाला दोन बोटं पाणी राहतंच. (मिडलँड्स)

उत्तर : नॅरोबोटीचा शॉवर ट्रे पाण्याच्या रेषेच्या आसपास किंवा खाली असतो, त्यामुळे पाणी उपसूनच काढावं लागतं आणि पंपाची ओढ जराही कमी झाली की ते दिसतं. आवाज नेहमीसारखा आणि पाणी मात्र जात नाही, याचा अर्थ पंप हवा ओढतो आहे. आधी ओढीच्या बाजूच्या क्लिपा आवळा आणि ट्रेच्या भोकाचं वॉशर बघा. मग पंपाचं झाकण उघडा. आत दोन रबरी झडपा असतात. त्यांच्या कडेला केस आणि चुन्याचा थर मिळेल. कोमट पाणी आणि व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ ब्रशनं साफ करा. नाल्या उघडणारी तीव्र रसायनं वापरू नका, रबर फुगतं. झडपा कडक झाल्या असतील तर संच बदला, पंप नको. भोकावर केस अडवणारी जाळी टाकलीत तर हे काम वर्षातून एकदाच करावं लागेल. शेवटचं थोडं पाणी मात्र कुठलाच पंप काढत नाही, ते पुसूनच घ्यायचं.

तुमच्या बोटीवर बाथरूमजवळ जुना गॅसचा वॉटर हीटर असेल तर त्याची बैठक आणि धुराडं गॅसच्या नोंदणीकृत माणसाकडून तपासून घ्या. तिकडच्या बोट सेफ्टी स्कीमनं (बोटींच्या सुरक्षा तपासणीच्या योजनेनं) राहण्याची जागा असलेल्या बोटींना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक केला आहे. तो छताला लटकवलेल्या टॉवेलांमागे लपलेला नसावा.

प्रश्न : शॉवरच्या पाण्याला सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. (रत्नागिरी)

उत्तर : फक्त गरम नळाला येत असेल तर गरम पाण्याची टाकी, दोन्ही नळांना येत असेल तर मुख्य टाकी, आणि नळ बंद असतानाही खोलीत येत असेल तर संप. साचलेल्या पाण्यात हवेविना वाढणारे जिवाणू तो वायू सोडतात.

मुख्य टाकीसाठी ५ टक्क्यांचं, सुवास नसलेलं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) लिटरमागे १ मिलिलिटर, म्हणजे १०० लिटरला १०० मिलिलिटर. क्लोरिनचा वास येईपर्यंत प्रत्येक नळ आणि शॉवर उघडा, मग बंद करून चार तास ठेवा, रिकामी करा, दोनदा गोड्या पाण्यानं धुवा. टाकी किंवा हीटर ॲल्युमिनियमचा असेल तर तो भाग यातून वगळा. पावसाळ्यात बोट वर काढताना टाकी पूर्ण रिकामी करून झाकण उघडं ठेवा. अर्धी भरलेली टाकी चार महिने तशीच राहते, हेच बहुतेक वासांचं कारण. संपाची जाळी दर आठवड्याला धुवा आणि निघताना त्यात बादलीभर गोडं पाणी सोडून पंप चालवा.

प्रश्न : न्यू जर्सीत बोट हिवाळ्यात जमिनीवर असते. टाकी रिकामी केली की शॉवरचं काम झालं ना? (एडिसन)

उत्तर : टाकी रिकामी झाली तरी पंप, मिक्सर, शॉवरचा पाइप आणि संप यांत पाणी उरतं, आणि गोठून तेच फुटतं. हीटर वेगळा रिकामा करून बायपास करा, नाहीतर त्याची टाकीभर अँटिफ्रीझ वाया जाईल. मग प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ टाकीत ओतून प्रत्येक नळाला, गरम आणि गार दोन्ही, गुलाबी रंग येईपर्यंत पंप चालवा. कारच्या रेडिएटरचं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते इथे चालत नाही. टेलिफोन शॉवरचं बटण दाबून धरा आणि मूठ खाली लोंबू द्या. शेवटी कपभर अँटिफ्रीझ शॉवरच्या भोकात ओतून संपाचा पंप दोन सेकंद चालवा.